किनारा, पर्वत आणि अरण्य: पेरूचे तीन प्रदेश एकाच प्रवासात कसे जोडावेत

पेरूचे लोक आपल्या देशाची ओळख तीन शब्दांत करून देतात: कोस्ता, सिएरा आणि सेल्वा, म्हणजे किनारा, पर्वत आणि अरण्य. किनारा हा प्रशांत महासागराला लागून पसरलेला वाळवंटी पट्टा आहे, मधोमध अँडीज पर्वताच्या रांगा आहेत आणि त्यांच्या पलीकडे, देशाचा सुमारे ६० टक्के भाग व्यापणारे अॅमेझॉनचे खोरे आहे. एकाच देशात, एकाच सुटीत, पेंग्विन राहतात ते कोरडे खडकाळ बेट, हिमशिखरांखालची पठारे आणि मकाव पोपटांचे दमट जंगल पाहता येणे ही दुर्मीळ संधी आहे. मात्र हे तीन प्रदेश कोणत्याही क्रमाने एकापाठोपाठ ठेवले, तर प्रवासातले निम्मे दिवस डोकेदुखीत आणि बसस्थानकांवर जातात. पेरूमध्ये काय पाहायचे याआधी ते कोणत्या क्रमाने पाहायचे हे ठरवावे लागते आणि हा क्रम समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवते.

पेरूचे भूगोलतज्ज्ञ हावियेर पुल्गार विदाल यांनी १९४१ मध्ये देशाची तीन भागांची ढोबळ विभागणी मोडून आठ नैसर्गिक प्रदेश मांडले आणि त्या मांडणीचा मुख्य आधार उंची हाच होता. प्रवाशानेही नकाशावर अंतरे मोजण्याआधी प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे त्याची उंची लिहावी. लिमा आणि पाराकास समुद्रकाठी आहेत. अरेकिपा सुमारे २,३३५ मीटरवर, कोल्का खोऱ्यातील चिवाय ३,६३५ मीटरवर, टिटिकाका सरोवराकाठचे पुनो ३,८३० मीटरवर, कुस्को ३,४०० मीटरवर, ओयांतायतांबो २,८०० मीटरच्या आसपास, इंका लोकांचे प्राचीन नगर माचू पिचू २,४३० मीटरवर आणि अरण्यातले पुएर्तो माल्दोनादो जेमतेम २०० मीटरवर आहे. ही यादी याच क्रमाने वाचली की मार्ग आपोआप दिसू लागतो: किनाऱ्यावरून हळूहळू चढत सरोवरापर्यंत जायचे आणि तेथून टप्प्याटप्प्याने उतरत अरण्यात पोहोचायचे.

पहिली पायरी: महिना ठरवणे

पेरूच्या तीन प्रदेशांचे ऋतू एकमेकांशी जुळत नाहीत. अँडीजमध्ये मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ असतो, तर डिसेंबर ते मार्च हा पावसाचा आणि त्यातही जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत जोराचा. अरण्यातही साधारण मे ते ऑक्टोबर या काळात पाऊस कमी असतो. लिमाचे मात्र अगदी उलट आहे. किनाऱ्यालगत वाहणाऱ्या हंबोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, पण जून ते ऑक्टोबर शहरावर करड्या ढगांचे छत असते आणि 'गारुआ' नावाची बारीक भुरभुर चालू राहते. लिमात ऊन हवे असेल तर डिसेंबर ते एप्रिल, आणि पर्वतात स्वच्छ आकाश हवे असेल तर मे ते सप्टेंबर, अशी ही ओढाताण आहे.

येथे पर्वताच्या बाजूने निर्णय घ्यावा. ढगाळ लिमामुळे फारतर छायाचित्रे फिकी येतात, पण अँडीजमधल्या मुसळधार पावसात दरडी कोसळतात, रस्ते आणि रेल्वेमार्ग बंद पडतात. जानेवारी २०१० मध्ये पुराने रेल्वेमार्ग तुटल्यामुळे माचू पिचूच्या पायथ्याशी अडकलेल्या हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले होते. माझ्या मते मे महिना आणि सप्टेंबर हे दोन काळ सर्वांत समंजस आहेत: मे महिन्यात पावसानंतरची हिरवाई टिकून असते आणि सप्टेंबरात जून ते ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. जूनमध्ये जाणार असाल तर २४ जूनला कुस्कोत 'इंती राय्मी' हा सूर्योत्सव असतो, आणि जुलैअखेरीस, २८ व २९ तारखेला, पेरूचा राष्ट्रीय सण असतो. त्या आठवड्यात संपूर्ण देश प्रवासाला निघालेला असल्याने बस आणि विमानांची तिकिटे फार आधी संपतात.

दुसरी पायरी: दिवसांची वाटणी

खाली मांडलेला मार्ग २० रात्रींचा आहे: लिमा २, पाराकास १, रात्रीच्या बसमध्ये १, अरेकिपा ३, कोल्का खोरे १, पुनो २, कुस्को आणि उरुबांबा नदीचे पवित्र खोरे मिळून ६, अरण्य ३ आणि परतीच्या आधी लिमात पुन्हा १. हाती बारा दिवसच असतील तर हा मार्ग दामटून बसवू नये, त्यातला एक सलग भाग वगळावा. अशा वेळी पाराकास, अरेकिपा आणि पुनो सोडून लिमाहून विमानाने कुस्कोला जावे, विमानतळावरूनच थेट पवित्र खोऱ्यात उतरून पहिल्या दोन-तीन रात्री तेथे काढाव्यात, मग माचू पिचू, त्यानंतर कुस्को आणि शेवटी अरण्य असा क्रम ठेवावा. तीनही प्रदेश त्यातही येतात.

उत्तर पेरूचा मोह मात्र या प्रवासात आवरावा. त्रुहियोजवळचे मातीच्या भिंतींचे चान चान नगर किंवा चाचापोयास भागातला कुएलाप किल्ला ही स्थळे महत्त्वाचीच आहेत, पण ती दक्षिणेच्या मार्गात घुसवली की प्रत्येकी दोन-तीन दिवस नुसत्या ये-जा करण्यात जातात. त्यांच्यासाठी वेगळा प्रवास करणे योग्य.

तिसरी पायरी: आरक्षणाचा क्रम

सर्वांत आधी माचू पिचूचे प्रवेशपत्र घ्यावे, कारण ते ऐनवेळी हव्या त्या तारखेचे आणि मार्गाचे मिळेलच असे नाही. तेथे दररोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित आहे, प्रवेशाची तारीख आणि तास ठरलेला असतो आणि २०२४ पासून तीन मुख्य परिक्रमा व त्यांत मिळून दहा मार्ग अशी रचना आहे. प्रवेशपत्र ज्या मार्गाचे असेल त्याच मार्गाने चालावे लागते. पहिली परिक्रमा वरच्या सज्ज्यांवरून नगराचे विहंगम दृश्य दाखवते, तिसरी खालच्या भागातून नेते, आणि दुसरीत वरून दिसणारे दृश्य आणि प्रत्यक्ष नगराचा फेरफटका दोन्ही मिळतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने दुसरीच निवडावी. नगरामागे उभे असलेले वायना पिचू शिखर चढायचे असेल तर त्याचे प्रवेशपत्र तिसऱ्या परिक्रमेशी जोडलेले असते, याची नोंद ठेवावी. खरेदी पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून करावी आणि पासपोर्टवरचे नाव व क्रमांक जसाच्या तसा भरावा, कारण प्रवेशद्वारावर मूळ पासपोर्ट ताडून पाहिला जातो.

ती तारीख हाती आली की तिच्याभोवती रेल्वेचे तिकीट, मग अरण्यातला निवास, मग देशांतर्गत विमाने आणि शेवटी शहरांतली हॉटेले अशा क्रमाने आरक्षण करावे. माचू पिचूपर्यंत जाणारी चार दिवसांची इंका पायवाट चालायची असेल तर मात्र तिचा परवाना माचू पिचूच्या साध्या प्रवेशपत्राच्याही आधी पाहावा लागतो. त्या वाटेवर मार्गदर्शक आणि हमाल धरून दिवसाला ५०० जणांनाच सोडतात, परवाना अधिकृत आयोजकामार्फतच मिळतो आणि फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते. तिची सर्वांत उंच खिंड ४,२०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे या लेखातल्या मार्गाने येऊन आधीच आठवडाभराहून अधिक काळ उंचीवर घालवलेला प्रवासी ती अधिक सहज चालू शकतो.

हॉटेलच्या बिलाबाबत एक उपयुक्त नियम आहे. पेरूत न राहणाऱ्या परदेशी पर्यटकांना निवासावरचा १८ टक्के सर्वसाधारण विक्रीकर माफ असतो, मात्र त्यासाठी पासपोर्ट आणि देशात प्रवेश केल्याची नोंद दाखवावी लागते. आरक्षणाच्या वेळी सांगितलेला दर करासह आहे की कराशिवाय, हे विचारून घ्यावे.

किनारा: लिमा आणि पाराकास

लिमाचे दोन दिवस लांबच्या विमानप्रवासातून सावरण्यासाठीही आहेत. १५३५ मध्ये स्पॅनिश लोकांनी वसवलेले जुने शहर एका सकाळी पाहावे आणि मिराफ्लोरेस किंवा बारांको या समुद्रकड्यावरच्या वस्त्यांत मुक्काम करावा. पुढच्या प्रवासासाठी लागणारी सुटी नाणी आणि लहान नोटा येथेच जमवाव्यात. पेरूचे चलन सोल आहे. मोठी नोट मोडून मिळणे छोट्या गावांत खरोखरच कठीण असते आणि 'सेन्सियो', म्हणजे सुटे, हा शब्द पहिल्याच दिवशी शिकावा लागतो. अमेरिकी डॉलर बऱ्याच ठिकाणी चालतात, पण कोपरा जरासा फाटलेली नोटही कोणी घेत नाही.

लिमाहून दक्षिणेला सुमारे २५० किलोमीटरवर पाराकास आहे आणि बसने तेथे साधारण चार तासांत पोहोचता येते. दुपारी पाराकास राष्ट्रीय राखीव क्षेत्रातले वाळवंट पाहावे, जेथे तांबूस वाळू थेट समुद्रात उतरते. बायेस्तास बेटांची होडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी. ती सकाळचीच घ्यावी, कारण दुपारनंतर सुटणाऱ्या जोरदार वाऱ्याने समुद्र खवळतो. बेटांवर उतरता येत नाही, पण होडीतूनच समुद्रसिंह, हंबोल्ट पेंग्विन आणि एकोणिसाव्या शतकात ज्यांच्या विष्ठेच्या खतावर पेरूची तिजोरी चालली ते समुद्रपक्षी हजारोंच्या संख्येने दिसतात. थंड प्रवाहामुळे वर येणारी पोषकद्रव्ये, त्यांवर वाढणारे मासे आणि माशांवर जगणारे हे पक्षी अशी ती साखळी आहे. ज्या पाण्यामुळे किनारा वाळवंट झाला, त्याच पाण्याने समुद्र समृद्ध केला.

होडीनंतर इका शहराकडे जावे, सायंकाळ वाकाचिनाच्या वाळूच्या टेकड्यांवर घालवावी आणि रात्रीची बस धरून अरेकिपाला जावे. हा प्रवास दहा ते बारा तासांचा आहे. नाझ्काच्या रेषा, म्हणजे वाळवंटाच्या जमिनीवर कोरलेल्या प्राचीन प्रचंड आकृती, पाहायच्या असतील तर एक दिवस वाढवावा. लहान विमानाने सुमारे अर्धा तास उड्डाण असते आणि दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना रेषा दिसाव्यात म्हणून विमान सतत कलते, म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी रिकाम्या पोटी बसावे किंवा महामार्गालगतच्या मनोऱ्यावरूनच दोन-तीन आकृती पाहून समाधान मानावे.

चढ: अरेकिपा, कोल्का, टिटिकाका

अरेकिपातले तीन मुक्काम हा या संपूर्ण मार्गाचा पाया आहे. अनेक प्रवासी येथे एकच रात्र काढतात आणि मग पुढे आजारी पडतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. ३,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी होतो. शरीर त्याच्याशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. गिर्यारोहणात पाळला जाणारा सर्वसाधारण नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दिवसाला ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. पेरूच्या रस्त्यांवर हा नियम तंतोतंत पाळता येत नाही, कारण अरेकिपाहून पुढचा मुक्काम एकदम १,३०० मीटर वर आहे. म्हणूनच २,३३५ मीटरवरच्या या तीन रात्री कापू नयेत.

शहरही त्या रात्रींना न्याय देणारे आहे. 'सियार' नावाच्या पांढऱ्या ज्वालामुखी दगडात बांधलेले जुने केंद्र, १५७९ मध्ये स्थापन झालेला आणि गल्ल्या-चौकांसह एक स्वतंत्र गावच असलेला सांता कातालिना मठ, आणि मागे ५,८२२ मीटर उंचीचा मिस्ती ज्वालामुखी. मठासाठी अर्धा दिवस ठेवावा.

पुढे कोल्का खोऱ्याकडे जाणारा रस्ता पातापांपा खिंडीत ४,९०० मीटरपर्यंत चढतो. तेथे गाडी थांबते तेव्हा सावकाश उतरावे, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि परत बसावे; धावणे किंवा वाकून उठणे टाळावे. चिवाय किंवा शेजारच्या यांके गावात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे 'क्रूस देल कोंदोर' या कड्यावर पोहोचावे. तीन मीटरपर्यंत पंखांचा पसारा असलेले कोंडोर सकाळचे ऊन दरीत उतरून हवा तापली की त्या वर चढणाऱ्या हवेवर तरंगत कड्याच्या उंचीला येतात, म्हणून आठ ते दहाच्या दरम्यानची वेळ महत्त्वाची. त्याच दुपारी चिवायहून थेट पुनोला जाणारी पर्यटक बस मिळते, त्यामुळे अरेकिपाला परतण्याचा वळसा वाचतो.

पुनो हा मार्गातला सर्वांत उंच मुक्काम आहे. पहिल्या संध्याकाळी जेवण हलके घ्यावे, किन्वाचे सूप पुरेसे असते, आणि मद्य घेऊ नये. दुसऱ्या दिवशी होडीने टोटोरा गवताचे थर रचून केलेली उरोस लोकांची तरंगती बेटे आणि ताकिले बेट पाहावे. ताकिलेवर पुरुष विणकाम करतात, चालताना त्यांच्या हातात सुया असतात, आणि येथील वस्त्रकलेची युनेस्कोने दखल घेतली आहे. धक्क्यापासून गावापर्यंत शेकडो पायऱ्यांचा चढ आहे. तो ज्यांना जमणार नाही त्यांनी तसे आधीच सांगावे, म्हणजे होडीवाले सोयीच्या धक्क्यावर उतरवू शकतात. जून-जुलैत पुनोच्या रात्री शून्याखाली जातात आणि साध्या हॉटेलांत खोली तापवण्याची सोय असेलच असे नाही.

उंचीच्या त्रासाला तेथे 'सोरोचे' म्हणतात. डोके दुखणे, भूक मंदावणे, मळमळ, झोप न लागणे ही त्याची सौम्य लक्षणे आहेत आणि विश्रांती, पुरेसे पाणी व त्याच उंचीवर एखादा दिवस थांबणे यांनी ती बहुधा ओसरतात. अॅसिटाझोलामाइड हे औषध प्रवासाआधी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी तर हा मार्गच डॉक्टरांपुढे ठेवावा. कोकाच्या पानांचा काढा सर्वत्र मिळतो आणि तेथे तो कायदेशीर आहे. उबदार पेय म्हणून घ्यावा, पण उपचार म्हणून त्यावर विसंबू नये. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता खाली उतरणे आणि वैद्यकीय मदत घेणे हाच उपाय आहे. पुनोहून खाली उतरणारे रस्ते लांबच्या अंतराचे आहेत, म्हणून तेथे पोहोचतानाच प्रकृती चांगली नसेल तर दुसरी रात्र रद्द करावी.

उतार: कुस्को, पवित्र खोरे, माचू पिचू

पुनोहून कुस्को सुमारे ३९० किलोमीटर आहे. थेट बस सहा-सात तासांत पोहोचते, पण दिवसा जाणारी आणि वाटेत थांबणारी पर्यटक बस घ्यावी. तीत ४,३३५ मीटरवरची ला राया खिंड, राक्चीचे इंकाकालीन मंदिर आणि आंदावाइलियासचे रंगीत भित्तिचित्रांचे चर्च पाहता येते. दक्षिण पेरूत निदर्शनांमुळे रस्ते अडवले जाणे नवीन नाही. स्थानिक लोक त्याला 'पारो' म्हणतात आणि त्याची तारीख बहुधा आधी कळते, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलात चौकशी करावी. कुस्कोचे सहा मुक्काम मी मुद्दाम सैल ठेवले आहेत, ते याच कारणासाठी: वाटेत एक दिवस गेला तरी माचू पिचूची तारीख चुकत नाही.

कुस्कोत एक रात्र काढून ओयांतायतांबोला दोन रात्री उतरावे. पिसाक, मोराय आणि ओयांतायतांबोचे अवशेष पाहण्यासाठी 'बोलेतो तुरिस्तिको' हे सामायिक तिकीट लागते. पूर्ण तिकिटात १६ स्थळे आहेत आणि ते १० दिवस चालते. माचू पिचू, कुस्कोतले कोरिकांचा हे इंकांचे सूर्यमंदिर आणि तेथील मुख्य चर्च त्यात येत नाहीत.

माचू पिचूच्या पायथ्याचे आग्वास कालिएन्तेस हे गाव बाहेरच्या जगाशी मोटाररस्त्याने जोडलेले नाही. ओयांतायतांबोहून रेल्वेने दीड-दोन तासांत तेथे पोहोचावे, रात्र तेथेच काढावी आणि सकाळी वर जाणाऱ्या बसने निघावे. नागमोडी चढ सुमारे २५ मिनिटांचा आहे. रेल्वेत लहान पिशवीच चालते, म्हणून मोठे सामान ओयांतायतांबोच्या हॉटेलात ठेवावे. प्रवेशद्वाराच्या आत स्वच्छतागृह नाही आणि एकदा बाहेर पडल्यावर परत आत सोडत नाहीत. सेल्फी काठी, तिपाई आणि ड्रोन यांना बंदी आहे. येथे येईपर्यंत सुमारे दहा दिवस उंचीवर गेलेले असतात, त्यामुळे माचू पिचूच्या पायऱ्या चढताना श्वासाऐवजी दगडांकडे लक्ष देता येते. या मार्गाचा मला वाटणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. परत आल्यावर उरलेल्या दोन रात्री कुस्कोसाठी ठेवाव्यात.

अरण्य: तांबोपाता

कुस्कोहून पुएर्तो माल्दोनादोचे विमान तासाभरात ३,००० मीटरहून अधिक खाली उतरवते. विमानाचे दार उघडताच दमट उष्ण हवा अंगावर येते आणि आदल्या दिवशीची लोकरी टोपी निरुपयोगी होते. निवासाचे लोक शहरातल्या कार्यालयात मोठे सामान ठेवून घेतात आणि लहान पिशवीसह होडीने तांबोपाता नदीतून आत नेतात. येथे दोन रात्री कमी पडतात, कारण पहिला आणि शेवटचा अर्धा दिवस नदीप्रवासातच जातो. निवास निवडताना खोलीच्या छायाचित्रांपेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात: मकाव जेथे माती खायला उतरतात तो 'कोयपा', म्हणजे मातीचा कडा, किती दूर आहे, आणि तेथे पहाटे पोहोचता येते का. पोपट तेथे पहाटेनंतरच्या पहिल्या काही तासांत येतात आणि पाऊस असेल तर बहुधा येत नाहीत.

पीतज्वराची लस प्रवासाआधी किमान १० दिवस घ्यावी. अंगभर सैल कपडे, डासांसाठी मलम आणि डोक्याला बांधायचा छोटा दिवा हवाच. मे ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून 'फ्रियाहे' ही थंड हवेची लाट अरण्यापर्यंत येते आणि तापमान अचानक १५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली येऊ शकते, म्हणून पर्वतातला एक गरम थर मोठ्या सामानात न टाकता होडीत सोबत घ्यावा. खरे तर संपूर्ण प्रवासाचे सामान याच तत्त्वावर भरावे: एक जाड कोट नको, तर एकावर एक घालता येतील असे तीन-चार पातळ थर आणि वर पाऊस अडवणारे जाकीट.

अरण्यातून परतीचे आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी धरण्याचे नियोजन करू नये. पावसाने किंवा धुक्याने पुएर्तो माल्दोनादोचे विमान उशिरा सुटणे शक्य असते, म्हणून लिमात एक रात्र राखून ठेवावी. त्या रात्री सामान पुन्हा लावताना पर्वतात घेतलेली कोकाची पाने, त्यांच्या चहाच्या पुड्या आणि गोळ्या शोधून काढून टाकाव्यात. पेरूत त्या दुकानात उघडपणे मिळत असल्या तरी बहुतेक देशांच्या सीमेवर त्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात.